तबकडीची दुसरी बाजू

ग्रामोफोनच्या तबकडीला दोन बाजू असतात, ही गोष्ट इतकी परिचयाची आहे कीं, तींत कांहीं इतिहास दडलेला असेल असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. आरंभीच्या तबकड्या एकाच बाजूनें मुद्रित केलेल्या असत. दुसरी बाजू कोरी राही. सन १९०४ च्या सुमारास जर्मनींतील ओडिऑन कंपनीनें दोन्ही बाजूंनीं मुद्रित केलेल्या तबकड्या बाजारांत आणल्या, आणि तेव्हांपासून प्रत्येक गायकापुढें व प्रत्येक कंपनीपुढें एक नवाच प्रश्न उभा राहिला: मागच्या बाजूला काय घालावयाचें? महाराष्ट्रांतील ज्या घरांत नाट्यपदांच्या जुन्या तबकड्या जपून ठेवलेल्या असतात, तेथें ह्या प्रश्नाचा परिणाम डोळ्यांनीं पाहावयास मिळतो. एका बाजूचें पद सुईखालीं झिजून खरखरूं लागलेलें असतें. दुसऱ्या बाजूचें पद जवळजवळ नवें, जणूं कोणाची तरी वाट पाहत बसलेलें असतें. आणि कधीं कधीं असेंही घडतें कीं, पुष्कळ वर्षांनीं कोणी तरी ती तबकडी उलटतो, आणि इतके दिवस आपण निम्मीच तबकडी ऐकत होतों, हें त्याच्या ध्यानांत येतें.

सन १९४९ मध्यें अमेरिकेंत मिनिटाला ४५ फेरे घेणारी, सात इंच व्यासाची लहान तबकडी निघाली, आणि कांहीं वर्षांतच ती ब्रिटनमधील तरुणांच्या हातीं खेळूं लागली. तेथील व्यवहारांत पुढच्या बाजूला 'ए' व मागच्या बाजूला 'बी' अशीं नांवें रूढ झालीं. कंपनीची सारी आशा पुढच्या बाजूवर असे; जाहिरात तिची, नभोवाणीवर वादन तिचें, आणि लोकप्रियतेच्या साप्ताहिक कोष्टकांत नांवही तिचेंच. मागची बाजू म्हणजे बहुधा भरतीचा माल. मात्र एका बाबतींत दोन्ही बाजूंचा दर्जा सारखा होता. तबकडी विकली गेली कीं, पुढच्या गीताच्या रचनाकाराला जेवढें मानधन मिळे, तेवढेंच मागच्या गीताच्या रचनाकारालाही मिळे. त्यामुळें मागच्या बाजूवर कोणाचें गीत जावें, हा प्रश्न जसा मानाचा तसाच धनाचाही होता. आणि ज्या संघांत गीतें रचणारे एकाहून अधिक असत, तेथें ह्या दुय्यम जागेसाठींही चुरस लागे.

इंग्लंडमधील लिव्हरपूल शहरांतून निघून साऱ्या जगाला वेड लावणाऱ्या 'बीटल्स' ह्या चौघांच्या संघानें १५ मार्च १९६८ रोजीं ब्रिटनमध्यें एक लहान तबकडी प्रसिद्ध केली. पुढच्या बाजूला 'लेडी मॅडोना' हें पियानोच्या ठेक्यावर धांवणारें गीत होतें. मागच्या बाजूला 'दि इनर लाइट', म्हणजे 'अंतर्ज्योति', ह्या नांवाचें दोन मिनिटें छत्तीस सेकंदांचें एक शांत गीत होतें. पुढच्या गीताचा बोलबाला सर्वत्र झाला. मागच्या गीतांतील वाद्यसंगीत मुंबईंत वाजविलें गेलें होतें, हें मात्र तबकडी विकत घेणाऱ्या असंख्य लोकांपैकीं फारच थोड्यांना ठाऊक होतें. कारण तबकडीवर तसा एकही शब्द छापलेला नव्हता. ही दुर्लक्षित बाजू पुढें अर्धशतकाहून अधिक काळ कोणीं जिवंत ठेवली, आणि ती जिवंत ठेवण्यांत काय साधलें, हें पाहण्यासारखें आहे.

बीटल्स संघांत गीतरचनेचा मान प्रथमपासून जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनी ह्या दोघांकडे होता. १९६२ सालापासून पुढें साडेपांच वर्षें संघाच्या लहान तबकड्यांवर ह्या दोघांचेंच राज्य चाललें. वयानें सर्वांत धाकटा असलेला जॉर्ज हॅरिसन गिटार वाजवी, साथीला गाई, आणि मोठ्या तबकडीवर त्याच्या वांट्याला एखाददुसरें गीत येई. लहान तबकडीवर त्याची रचना प्रथम आली ती 'दि इनर लाइट' हीच. आणि तीही सहजासहजीं आली नाहीं. लेननचें 'अक्रॉस दि युनिव्हर्स' हें गीत त्याच सुमारास मुद्रित होत होतें व तें ह्या तबकडीसाठीं विचारांत होतें. परंतु त्याच्या मुद्रणानें लेननचें समाधान होईना, म्हणून तें बाजूला राहिलें, आणि मागची जागा धाकट्याला मिळाली.

भारतीय संगीताशीं हॅरिसनचा परिचय त्यापूर्वीं तीन वर्षें झाला होता. १९६५ सालीं 'हेल्प' ह्या चित्रपटाच्या चित्रणाच्या वेळीं त्यानें सतार प्रथम हातांत धरली, आणि त्याच वर्षीं 'नॉर्वेजियन वुड' ह्या लेननच्या गीतांत ती वाजविली. तें वाजविणें नवशिक्याचें होतें; पण ओढ खरी होती. १९६६ च्या जूनमध्यें लंडन येथें त्याची पंडित रविशंकर यांच्याशीं भेट झाली, आणि सप्टेंबरमध्यें तो त्यांच्याजवळ सतार शिकण्यासाठीं मुंबईस आला. ताजमहाल हॉटेलांत तो नांव बदलून उतरला होता. परंतु वार्ता फुटली, चाहत्यांची गर्दी लोटली, आणि गुरुशिष्यांना शिक्षणासाठीं अखेर काश्मीरची वाट धरावी लागली. त्या वर्षींचें 'लव्ह यू टू' आणि पुढच्या वर्षींचें 'विदिन यू विदाउट यू' हीं त्याचीं भारतीय वळणाचीं गीतें लंडनमध्यें, तेथील एशियन म्युझिक सर्कल ह्या संस्थेच्या वादकांच्या साह्यानें मुद्रित झालीं. 'दि इनर लाइट' हें त्या मालिकेंतील तिसरें आणि शेवटचें गीत होय. त्याची जन्मकथा मात्र निराळी आहे.

१९६७ च्या अखेरीस जो मॅसॉट ह्या दिग्दर्शकाच्या 'वंडरवॉल' ह्या चित्रपटाच्या संगीताचें काम हॅरिसनकडे आलें होतें. त्यानें चित्रपट पाहून, हातांत घड्याळ धरून प्रत्येक प्रसंगाचे सेकंद मोजले व ते वहींत टिपले. आणि कांहीं भागाचें मुद्रण लंडनमध्यें व कांहींचें मुंबईंत करावयाचें ठरविलें. १९६८ च्या जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यांत मुंबईच्या फोर्ट भागांतील फिरोजशहा मेहता रस्त्यावरील एच. एम. व्ही. च्या मुद्रणगृहांत हें काम झालें.

मुद्रणगृह म्हणतांच लंडनच्या ॲबी रोडवरील सुसज्ज दालनें डोळ्यांपुढें आणूं नयेत. कचेऱ्यांच्या वरच्या मजल्यावर असलेल्या त्या जागेस बाहेरचा आवाज अडविण्याची सोय नव्हती. रस्त्यावरून जाणाऱ्या टॅक्सींचा आवाज आंत येई. सायंकाळीं साडेपांचला कचेऱ्या सुटल्या कीं, जिने उतरणाऱ्या कारकुनांच्या पावलांचा धडधडाट सुरू होई, आणि मुद्रण थांबवावें लागे. मुंबईंत त्या वेळीं एकपदरी मुद्रणाचें जुनें यंत्रच होतें. ग्रामोफोन कंपनीचे भास्कर मेनन, जे पुढें ई. एम. आय. कंपनीच्या जागतिक संगीतव्यवसायाचे प्रमुख झाले, त्यांनीं दोनपदरी मुद्रणाचें एक अवजड यंत्र कलकत्त्याहून आगगाडीनें मुंबईस आणविलें. लंडनमध्यें तेव्हां चारपदरी यंत्रें नित्याचीं झालीं होतीं. तेथें एक वाद्य आज, दुसरें उद्यां, असें थरावर थर चढवून गीत सिद्ध करतां येई. मुंबईंत तसें नव्हतें. सर्व वादकांनीं एकत्र बसावें, एका दमांत वाजवावें, जमलें तर ठेवावें, न जमलें तर पुन्हां आरंभापासून वाजवावें, हीच तेथील रीत होती. मुंबईच्या वादकांना तींत नवें कांहींच नव्हतें. त्यांपैकीं कित्येकांचा हात चित्रपटसंगीताच्या मुद्रणांत ह्याच रीतीनें तयार झाला होता.

वादक जमविण्याच्या कामीं रविशंकर यांचे शिष्य शंभू दास यांचें साहाय्य झालें. जमलेला मेळा सामान्य नव्हता. बाबा अलाउद्दीन खाँ यांचे नातू आशीष खाँ सरोद वाजविण्यास होते. संतूरवर शिवकुमार शर्मा होते. चित्रपटाचें संगीत आटोपल्यावर हाताशीं राहिलेल्या वेळांत हॅरिसननें ह्या मंडळींकडून आणखी एका रचनेचें वाद्यसंगीत मुद्रित करून घेतलें. सहाव्या खेपेपर्यंत तरी ही रचना वाजविली गेली. ती ध्वनिफीत घेऊन तो लंडनला परतला. बीटल्स संघाच्या नांवावर प्रसिद्ध झालेल्या गीतांचें मुद्रण ब्रिटनबाहेरच्या मुद्रणगृहांत क्वचितच झालें; त्यांत १९६४ सालीं पॅरिस आणि १९६८ सालीं मुंबई हीं शहरें येतात.

आतां शब्दांची हकीकत. १९६७ च्या शरदृतूंत डेव्हिड फ्रॉस्ट यांच्या दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमांत हॅरिसन आणि लेनन यांनीं ध्यानधारणेविषयीं चर्चा केली होती. त्या चर्चेंत हुआन मास्कारो नांवाचे एक वृद्ध पंडितही सहभागी होते. मास्कारो मूळचे स्पेनच्या मायोर्का बेटावरचे, केंब्रिज येथें संस्कृताचें अध्यापन करणारे, आणि भगवद्गीतेचे व उपनिषदांचे इंग्रजी भाषांतरकार म्हणून मान्यता पावलेले. त्यांनीं हॅरिसनला पत्र लिहिलें, 'विदिन यू विदाउट यू' ह्या गीताबद्दल त्याचें कौतुक केलें, आणि निरनिराळ्या धर्मांतील वेंचे एकत्र करून १९५८ सालीं स्वतः प्रसिद्ध केलेला 'लॅम्प्स ऑफ फायर' हा ग्रंथ त्याला पाठविला. त्या ग्रंथांतील ताओ पंथाचे कांहीं शब्द संगीतांत बसवून पाहावे, अशी सूचनाही त्यांनीं केली. त्या शब्दांचें मूळ 'ताओ ते चिंग' ह्या प्राचीन चिनी ग्रंथाच्या सत्तेचाळिसाव्या प्रकरणांत आहे. जग जाणण्यासाठीं जग पालथें घालण्याची आवश्यकता नाहीं, अंतर्मुख झालेल्या मनाला तें बसल्या जागीं उमगतें, असा त्या प्रकरणाचा आशय. 'काखेंत कळसा आणि गांवाला वळसा' ही म्हण ज्या भाषेंत घरोघर बोलली जाते, तिच्या बोलणाऱ्यांना तो विशेष समजावून सांगण्याचें कारण नाहीं.

योगायोग असा कीं, बाहेर जाण्याचें प्रयोजन नाहीं असें सांगणारें हें गीत केवढा प्रवास करून आलें! विचार चीनचा, तो वेंचणारा मायोर्काचा संस्कृतज्ञ, चाल बांधणारा लिव्हरपूलच्या बसचालकाचा मुलगा, वाजविणारे मुंबईंत जमलेले कलावंत, आणि गायन लंडनचें. सारें जग हिंडून आल्यावर तें गीत श्रोत्याला म्हणतें कीं, हिंडूं नकोस. ह्या विसंगतींत उपहासाला जागा आहे, हें खरें. परंतु श्रोत्याच्या बाजूनें पाहिलें तर तींत एक सुसंगतिही आहे. ज्यानें ही तबकडी आपल्या खोलींत लावली, त्याच्यासाठीं मुंबईचे सूर आणि चीनचा विचार खरोखरच घरांत येऊन पोहोंचले. त्याला उठून कोठेंही जावें लागलें नाहीं.

गायनाचें मुद्रण ६ फेब्रुवारी १९६८ रोजीं ॲबी रोड येथें झालें. चाल हॅरिसनच्या आवाजाला उंच पडत होती. आपल्याच्यानें हें गाववेल कीं नाहीं, अशी त्याला धास्ती वाटत होती. तेथें उपस्थित असलेल्या लेनन आणि मॅकार्टनी यांनीं त्याला धीर दिला, आणि त्यानें गीत पूर्ण केलें. दोन दिवसांनीं, ८ फेब्रुवारीला, त्या दोघांनीं शेवटच्या ओळीला आपला आवाज जोडला. पुढच्या आठवड्यांत लेनन आणि हॅरिसन महर्षि महेश योगी यांच्या हृषीकेश येथील आश्रमाकडे निघाले. तबकडी लंडनच्या दुकानांत आली, तेव्हां जिचें गीत प्रथमच लहान तबकडीवर झळकत होतें ती व्यक्ति गंगेच्या कांठीं डोळे मिटून बसली होती.

ह्या गीताचें बाह्य स्वरूप अगदीं साधें आहे. आरंभीं सूर लावला जातो न जातो, तोंच वाद्यें द्रुत लयींत उसळतात. सरोद आणि सनई पुढें होतात, खालीं पखवाजाचा भरदार ठेका धांवतो. मग एकाएकीं सारें निवळतें, आणि हार्मोनियम व बांसरी यांच्या आधारानें आवाज हळूच शब्द उच्चारूं लागतो. पुन्हां वाद्यांची धांव, पुन्हां शब्दांची विश्रांति, आणि अखेरीस दोन्हींचें मीलन. बाहेरचें जग धांवतें आहे आणि आंतला मनुष्य स्थिर आहे, हा गीताचा आशय ह्या मांडणींतच उतरलेला आहे. हें रागसंगीत नव्हे. अडीच मिनिटांत रागाचा विस्तार होत नाहीं, आणि तसा दावाही येथें कोणीं केलेला नाहीं. चालीचें वळण बरेंचसें पाश्चात्त्य लोकगीताचें आहे, असा आक्षेपही घेतां येईल. परंतु आक्षेपांतच गीताचा गुण दडलेला आहे. आधींच्या गीतांत भारतीय संगीत हें नवल म्हणून येतें. येथें नवलाई ओसरली आहे, आणि उरलेलें सगळें सहज आहे. मॅकार्टनीनेंही त्या वेळीं लोकांना हेंच सुचविलें होतें कीं, वाद्यें भारतीय आहेत हें क्षणभर विसरा आणि चाल किती सुंदर आहे तेवढी ऐका.

लोकांनीं मात्र तेव्हां ती फारशी ऐकली नाहीं. 'लेडी मॅडोना' ब्रिटनमध्यें पहिल्या क्रमांकावर आणि अमेरिकेंत चौथ्या क्रमांकावर पोहोंचलें. 'दि इनर लाइट' अमेरिकेच्या शंभरांच्या यादींत ९६ व्या क्रमांकावर एक आठवडा टेकलें आणि दिसेनासें झालें. १९७० सालीं अमेरिकेंत संघाच्या सुट्या तबकड्यांवरील गीतें एकत्र करून 'हे जूड' नांवाची मोठी तबकडी काढण्यांत आली. तींत 'लेडी मॅडोना' घेतलें, इतर तबकड्यांच्या मागच्या बाजूंचीं गीतेंही घेतलीं, पण हें एक वगळलें. १९७३ च्या मोठ्या संग्रहांतही त्याला जागा मिळाली नाहीं. ज्याला हें गीत आपल्या घरीं हवें असे, त्याला ब्रिटन-अमेरिकेंत दहा वर्षें एकच उपाय होता: ती १९६८ ची लहान तबकडी मिळवावी, आणि ती उलटी ठेवावी.

नेमकें हेंच चाहत्यांनीं केलें. एखाद्या कलाकृतीवर प्रेम करण्यास तिची दुर्मिळताही कारण होते, हें मानवी स्वभावाला धरून आहे. परंतु केवळ दुर्मिळतेनें कोणतीही कृति पन्नास वर्षें टिकत नाहीं. बीटल्सच्या चाहत्यांत असा एक वर्ग हळूहळू तयार झाला कीं, जो संघाच्या कीर्तिशिखरावरील गीतांपेक्षां ह्या मागल्या दारच्या गीताबद्दल अधिक आपुलकीनें बोले. पुढच्या बाजूचें गीत सर्वांचें असतें. मागच्या बाजूचें गीत ज्यानें शोधलें त्याचें असतें. तें श्रोत्याला दिलेलें नसतें, श्रोत्यानें मिळविलेलें असतें.

कंपनीला ही मागणी ओळखावयास वेळ लागला. १९७८ सालीं ब्रिटनमध्यें 'रॅरिटीज', म्हणजे दुर्मिळ गीतें, ह्या नांवाच्या मोठ्या तबकडींत तें प्रथम समाविष्ट झालें. द्विध्वनि स्वरूपांत तें ऐकावयास १९८१ साल उजाडावें लागलें, आणि १९८८ मध्यें 'पास्ट मास्टर्स' ह्या संग्रहांत त्याला कायमचें स्थान मिळालें. म्हणजे जें गीत एका बैठकींत वाजविलें गेलें, त्याला कपाटांतील फळीवर जागा मिळण्यास वीस वर्षें लागलीं.

चाहत्याच्या प्रेमाचें सर्वांत विलक्षण उदाहरण संगीताच्या क्षेत्राबाहेरचें आहे. १ जून १९९२ रोजीं अमेरिकेंतील 'स्टार ट्रेक' मालिकेचा एक भाग दूरचित्रवाणीवर दाखविण्यांत आला. त्यांतील नौकाधिपति आपल्या आकाशनौकेवर बेशुद्ध पडतो, आणि कांहीं मिनिटांच्या त्या अवधींत, जागेवरून न हालतां, एका नष्ट झालेल्या ग्रहावर संसार, अपत्यें, वार्धक्य असें अवघें आयुष्य मनोमन जगून येतो. शुद्धीवर आल्यावर त्याच्याजवळ उरते ती तेथें शिकलेली बांसरी. मॉर्गन जेंडेल ह्या लेखकानें ह्या कथेला ह्या गीतावरूनच 'दि इनर लाइट' हें नांव दिलें. १९९३ सालीं तिला ह्यूगो पुरस्कार मिळाला. गीताच्या आशयावर इतकें मार्मिक भाष्य कोणा संगीतसमीक्षकानें क्वचितच केलें असेल. आणि ज्यांनीं बीटल्सची ती तबकडी कधीं पाहिलीही नाहीं अशा कितीएक प्रेक्षकांना तिच्या मागच्या बाजूचें नांव ह्या कथेमुळें परिचित झालें.

२९ नोव्हेंबर २००१ रोजीं हॅरिसनचें निधन झालें. बरोबर एका वर्षानें लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्यें त्याच्या स्मरणार्थ संगीतसभा भरली. तेथें जेफ लिन यानें हें गीत गायिलें आणि रविशंकर यांची कन्या अनुष्का हिनें सतारीची साथ केली. जाहीर सभेंत बीटल्सनीं जें कधींच गायिलें नव्हतें, तें भरलेल्या सभागृहानें निःशब्द होऊन ऐकलें. पुढें आणखी दीड तपानें, २०२० सालच्या महामारींत जगभर घरांचीं दारें बंद झालीं, तेव्हां हॅरिसनचा पुत्र धनी आणि हॅरिसननें स्थापिलेली मटीरियल वर्ल्ड फाउंडेशन ही संस्था यांनीं ह्याच गीताची निवड केली. लोकांनीं आपापल्या घरांत तें गावें, वाजवावें आणि इतरांना ऐकवावें, असें आवाहन करण्यांत आलें, आणि त्या निमित्तानें संस्थेनें मदतकार्यास ५ लाख डॉलर दिले. उंबरठा ओलांडण्याची बंदी असतांना ह्या गीताचा अर्थ कोणाला शिकवावा लागला नाहीं.

परंतु चाहत्यांनीं केलेलें सर्वांत मोलाचें काम ह्याहून निराळें आहे. तबकडीच्या मध्यावरील गोल कागदावर संघाचें नांव होतें, रचनाकार म्हणून हॅरिसनचें नांव होतें, आणि वादकांपैकीं एकाचेंही नव्हतें. १९६६ च्या मोठ्या तबकडीच्या वेष्टनावर 'लव्ह यू टू' ह्या गीताचे तबलावादक अनिल भागवत यांचें नांव छापलें होतें. तेवढें सौजन्य पुढील दोन गीतांच्या वांट्याला आलें नाहीं. तबकडी उलटून ऐकणाऱ्यांच्या मनांत साहजिकच प्रश्न उठला: हें वाजवितें कोण? त्यांनीं १९६८ च्या नोव्हेंबरमध्यें निघालेल्या 'वंडरवॉल' च्या संगीताची तबकडी काढली, तीवरील मुंबईच्या वादकांची नामावळी जुळविली, जुन्या मुलाखती धुंडाळल्या. ह्या परिश्रमांतून आणि संशोधकांच्या अभ्यासांतून आज गीतांतील वादकांचीं नांवें सांगतां येतात: सरोदवर आशीष खाँ, बांसरीवर हरिप्रसाद चौरसिया, पखवाजावर महापुरुष मिश्र, हार्मोनियमवर रिजराम देसाड, आणि सनईवर हनुमान नांवाचे वादक, ज्यांचें आडनांव इंग्रजी अक्षरांत असें कांहीं उतरलें आहे कीं, तें वाचणाऱ्या मराठी माणसाला 'जाधव' हें नांव आठवल्यावांचून राहत नाहीं.

त्याच नामावळींत आणखीही ओळखीच्या खुणा आहेत. बांसरीवादक केंकरे आहेत. सूरबहार वाजविणारे केवळ 'चंद्रशेखर' म्हणून नोंदलेले आहेत. ते चंद्रशेखर नारिंग्रेकर होत, असें अभ्यासक सांगतात. आडनांव गळालें, तर मनुष्य निम्मा गळतो. चौरसिया कटकच्या आकाशवाणी केंद्रावर नोकरी करून पुढें मुंबईस आले होते, आणि १९६७ सालच्या 'कॉल ऑफ दि व्हॅली' ह्या शिवकुमार शर्मा व ब्रिजभूषण काब्रा यांच्यासमवेतच्या तबकडीनें त्यांचें नांव नुकतेंच सर्वतोमुखीं होऊं लागलें होतें. त्यांना पुढें जगानें ओळखलें. परंतु सनईवाल्याला, हार्मोनियमवाल्याला ओळखलें तें केवळ मागची बाजू ऐकणाऱ्यांनीं. २०१४ आणि २०१८ सालीं ह्या गीताच्या मुंबईंतील मुद्रणाच्या इतर खेपा, गायनाशिवाय, प्रसिद्ध झाल्या, तेव्हां तर ते वादकच पुढें आले. शब्द नाहींत, गायक नाहीं. आहेत ते फक्त एका दमांत वाजविणारे मुंबईचे कलावंत. पन्नास वर्षांनीं कां होईना, साथीदार स्वतःच्या नांवानें ऐकले गेले.

हॅरिसनच्या स्वतःच्या आयुष्यांतही ह्या गीताची जागा वळणावरची आहे. १९६८ सालींच त्यानें सतारीचा अभ्यास सोडून पुन्हां गिटार हातीं घेतली. बीटल्सच्या गीतांत त्याचे हे भारतीय सूर पुन्हां आले नाहींत. पुढच्याच वर्षीं त्याचें 'समथिंग' हें गीत लहान तबकडीच्या पुढच्या बाजूवर आलें आणि संघाच्या उत्तमोत्तम गीतांत गणलें गेलें. मागच्या बाजूनें आंत आलेला मनुष्य दीड वर्षांत पुढच्या बाजूस येऊन बसला. परंतु ज्या दारानें तो आंत आला, तें दार मुंबईच्या वादकांनीं उघडलेलें होतें.

इतिहास बहुधा पुढच्या बाजूवरून लिहिला जातो. क्रमांक तिला मिळतात, आंकडे तिच्याविषयीं उपलब्ध असतात, आणि ज्याचे आंकडे असतात त्यालाच महत्त्व आहे असें मानण्याची संवय जडते. मागच्या बाजूला आंकडे नसतात; तिच्याजवळ असतात ते थोडे निष्ठावंत श्रोते. त्यांच्या हातीं जाहिरात नसते, अधिकार नसतो. ते एवढेंच करतात कीं, पुढची बाजू संपल्यावर यंत्र बंद करीत नाहींत. तबकडी उलटतात, लक्ष देऊन ऐकतात, आणि हें कोणीं वाजविलें असें विचारतात. साडेपांचच्या सुमारास, खालच्या जिन्यावर पावलें वाजूं लागण्यापूर्वीं, मुंबईच्या एका वरच्या मजल्यावर कांहीं वादकांनीं जें वाजवून ठेवलें, तें ह्या विचारण्यामुळें त्यांच्या नांवासह टिकलें आहे.